पानावर सगळं लिहिलंय, तरी रोज तेच फोन येतात. लिखाण कुठे चुकतंय?

विभाग: लेखन आणि भाषा

मागाचा_धोटा
३ जून, रात्री १०:१५

नमस्कार. अक्कलकोट रोडला आमचा चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी चार मागांवर सुरू केला, आता मी आणि मिस्टर बघतो. मागच्या दिवाळीआधी आम्ही वेबसाइट केली. मजकूर मीच लिहिला, आठ दिवस बसून, मनापासून. चादरीचं माप आहे, वजन आहे, कशी धुवायची ते आहे, पार्सल किती दिवसांत मिळतं तेही आहे. तरी रोज फोन येतात आणि प्रश्न तेच. "साइज काय ओ?" "धुतल्यावर रंग जातंय का?" "दोघांना पुरंल का?" पुण्या-मुंबईचे लोक व्हॉट्सॲपवर लिहितात, "डिटेल्स पाठवा." मी म्हणते पानावर आहे, ते म्हणतात दिसलं नाही.

फोनचा कंटाळा नाही. फोन करणारा निदान भेटतो तरी. जो पान बघतो, त्याला हवं ते सापडत नाही आणि गुपचूप निघून जातो, त्याची मला काळजी आहे. तो मला कधीच कळणार नाही.

पहिला परिच्छेद असा आहे:

"सोलापूरच्या जगप्रसिद्ध वस्त्रोद्योगाच्या गौरवशाली परंपरेचा वारसा जपत आणि ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय मानत, उत्कृष्ट दर्जा व आकर्षक नक्षीकाम यांचा सुंदर मिलाफ असलेल्या, सर्व ऋतूंमध्ये वापरता येण्याजोग्या सूती चादरी आम्ही माफक दरात उपलब्ध करून देत आहोत."

असे आणखी तीन परिच्छेद आहेत. त्याखाली आमच्या छापील पत्रकाचा फोटो आहे, माप-वजन-धुणं सगळं त्यात आहे. लिंक हवी असेल त्यांनी निरोप पाठवा, देते. स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

कडक_भाकरी
३ जून, रात्री १०:५०

ताई, लिंक उघडली. मी आत्ता स्टेशनवर आहे, हातात फोन. तुमचा पहिला परिच्छेद माझ्या स्क्रीनवर सात ओळींचा दिसतो आणि त्या सात ओळींत मला एवढंच कळलं की तुम्ही चादरी विकता. ते मला आधीच माहीत होतं, म्हणून तर आलो. माप शोधायला अंगठ्यानं चार वेळा वर सरकवलं. मग पत्रकाचा फोटो आला, तो बोटांनी मोठा केला, तर अक्षरं फुटली.

सगळं लिहिलंय हे खरं आहे. पण माणूस ज्यासाठी येतो ते सर्वांत खाली आहे, आणि तेही चित्रात.

वाचनवेडी
४ जून, सकाळी ७:३०

पटलं. आणि ताई, तुम्हाला उत्तर फोनवाल्यांनीच देऊन ठेवलंय. तीन प्रश्न तुम्ही स्वतःच वर लिहिलेत: माप काय, रंग जातो का, दोघांना पुरेल का. पानाच्या सुरुवातीला ह्याच तीन प्रश्नांची उत्तरं असू द्या. आणखी आठ दिवस फोनशेजारी वही ठेवा आणि विचारणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. आपल्या भाषेत बदलून लिहू नका, त्याचे शब्द हवेत.

कडक_भाकरी
४ जून, सकाळी ९:०५

वहीची गोष्ट फार कामाची. ह्यावर जुना पण अजून उपयोगी अभ्यास आहे. वेबवर लोक कसं वाचतात हे जेकब नील्सन आणि जॉन मोर्क्स यांनी १९९७ मध्ये तपासलं. तपासलेल्यांपैकी ७९ टक्के लोक नवं पान वाचत नव्हते, नुसती नजर फिरवत होते. शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के.

मला त्यातला पुढचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट तुमच्या परिच्छेदाबद्दल आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या प्रेक्षणीय स्थळांची माहिती त्यांनी पाच तऱ्हांनी लिहिली. मूळ मजकूर जाहिराती थाटाचा होता, आपल्याकडच्या "जगप्रसिद्ध", "गौरवशाली" यांच्याच जातकुळीतला. शब्द निम्मे केले तर मजकूर ५८ टक्के जास्त उपयोगी ठरला. नजरेला सापडेल अशी मांडणी केली तर ४७ टक्के. आणि नुसती स्वतःची तारीफ काढून साधं लिहिलं तर २७ टक्के. तिन्ही एकत्र केल्यावर १२४ टक्के.

तो अभ्यास इंग्रजी मजकुराचा आणि संगणकाच्या पडद्याचा होता, त्यामुळे आकडे तसेच्या तसे सोलापूरला लावू नयेत. पण तारीफ काढल्यानं फरक का पडतो, ते कळण्यासारखं आहे. "उत्कृष्ट" वाचलं की वाचणारा मनात विचारतो, खरंच का? त्या विचारात त्याची शक्ती जाते. "रुंदी ६० इंच" वाचल्यावर असा प्रश्न पडत नाही.

खिळेजुळणी
४ जून, दुपारी १२:२०

मी एकतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. सुरुवात खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांवर झाली, शेवट संगणकावर. आता डोळे थकलेत, पण असा परिच्छेद दिसला की हात पेन शोधतो.

ताई, तुमच्या वाक्यात "आम्ही" हा कर्ता शेवटून सातवा शब्द आहे. त्याआधी वाचकाला एकोणतीस शब्द डोक्यात धरून ठेवावे लागतात आणि क्रियापद येईपर्यंत सुटका नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून लांब वाक्याचा भार आपल्याकडे जास्त जाणवतो. छापील पुस्तकात माणूस खुर्चीत बसलेला असतो, तो थांबतो. फोनवरचा थांबत नाही. एका वाक्यात एक गोष्ट सांगा आणि पूर्णविराम द्या.

दुसरं, "उपलब्ध करून देत आहोत". हे कचेरीचं मराठी आपल्या हाडात भिनलंय. उपलब्ध करून देणे म्हणजे विकणे. मग "विकतो" म्हणा. विकण्यात कमीपणा कसला? "करण्यात येईल", "देण्यात येत आहे" ही रूपं दिसली की मी समासात एकच शब्द लिहायचो: "कोण?"

तिसरं शुद्धलेखन. तुमच्या धंद्यातलेच शब्द घेतो, म्हणजे लक्षात राहतील. "सूत" दीर्घ, पण "सुती" ऱ्हस्व, कारण शेवटचं अक्षर दीर्घ झालं की मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो. "सूती" हे हिंदीतून आलेलं. तसंच "वीण" पण "विणीचा", "फूल" पण "फुलांची नक्षी". आपल्या गावाचं नावच बघा: "सोलापूर" दीर्घ, "सोलापुरी" ऱ्हस्व. गावातल्या निम्म्या पाट्यांवर "सोलापूरी" आहे, ते बघून मला रोज चुटपुट लागते. "किंमत" लिहिताना अनुस्वार "कि"वर, आणि सामान्यरूपात तो जातो: "किमतीत". साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार मिळून अठराच नियम आहेत. दोन पानांत मावतात. छापून संगणकाशेजारी लावा.

मागाचा_धोटा
४ जून, दुपारी ३:१०

काका, "कोण?" हे मी भिंतीवर लिहून ठेवते आहे. खरं सांगू, तो परिच्छेद मी मनापासून लिहिला म्हटलं, पण आता वाचताना वाटतंय की दहा दुसऱ्या दुकानांचे मजकूर वाचून तो माझ्या हातून उतरला. माझे शब्द त्यात नाहीतच. मी फोनवर कुणालाही "सुंदर मिलाफ" म्हणत नाही.

एक अडचण. लोक "चद्दर" म्हणतात, आम्ही सगळीकडे "चादर" लिहिलंय. शोधणारा "सोलापूरी चद्दर" असं टाइप करत असेल तर त्याला आम्ही सापडणार का? मुद्दाम चुकीचं लिहू का?

सात_रस्ता
४ जून, सायंकाळी ६:४५

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे ही बाजू मी सांगतो.

ताई, "चद्दर" आणि "सोलापूरी" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "चद्दर" चूक नाही, लोकांच्या तोंडचा शब्द आहे. तो एका साध्या वाक्यात येऊ द्या, शक्य तर शीर्षकातही. "सोलापूरी" मात्र मुद्दाम लिहू नका. ऱ्हस्व-दीर्घाचा एवढा फरक शोधयंत्रं बहुतेक वेळा समजून घेतात, आणि पान तर काका म्हणतात तसं शुद्धच हवं.

हे मी अनुभवावरून सांगतोय. दोन वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी सिद्धेश्वर यात्रेच्या माहितीचं पान केलं. शीर्षक दिलं "श्री सिद्धरामेश्वर महायात्रा". नंदीध्वजांचा मार्ग, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता सोहळा, सगळं व्यवस्थित लिहिलं. पान कुणी बघेना. मग आईनं विचारलं, "गड्डा कुठं लिहिलंय?" अख्ख्या पानात तो शब्द नव्हता! सोलापुरात कोण "महायात्रेला चाललो" म्हणतं? गड्ड्याला चाललो म्हणतात. शीर्षकात "गड्डा यात्रा" घातलं आणि त्या संक्रांतीला लोक यायला लागले.

त्याच पानावर आणखी एक चूक केली होती, तीही सांगतो. "उद्या दुपारनंतर हा रस्ता बंद राहील" असं लिहिलं. पान चार दिवस तसंच राहिलं आणि रोज वाचणाऱ्याला नवा "उद्या" दिसत राहिला. एक कुटुंब ते वाचून लांबच्या रस्त्यानं फिरून आलं. तेव्हापासून "आज", "उद्या", "येत्या रविवारी", "नुकतंच" हे शब्द पानावर येऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं. तारीख लिहायची आणि खाली माहिती कधी तपासली तेही लिहायचं.

कंबरतलाव
४ जून, रात्री ९:२०

ताई, मला दिसत नाही. फोन मला वाचून दाखवतो. तुमचं पान मी आज ऐकलं.

पहिले चार परिच्छेद फोननं वाचले. मग पत्रकाशी आला आणि म्हणाला, "चित्र". पुढे एक लांबलचक फाइलचं नाव, आकड्यांसकट. संपलं. माप, वजन, धुणं, यातलं काहीच मला मिळालं नाही. ज्या चित्रावर वर कडक_भाकरी यांची अक्षरं फुटली, ते चित्र माझ्यासाठी कोरी भिंत आहे.

फोटोंचंही तसंच. तुमच्या अकरा फोटोंपैकी नऊ फोटोंना पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोच्या जागी फोन वाचून दाखवतो ते वर्णन, नाही. दोन फोटोंना आहे, आणि दोन्हीकडे "चादर". मला भावाच्या लग्नात द्यायला चादर हवी आहे. अकरापैकी कोणती घेऊ? "पिवळ्या जमिनीवर निळे मोर, दोन्ही काठांना लाल पट्टा" एवढं लिहिलंत तर मी निवडू शकेन. "चादरीचा फोटो" असं लिहू नका, फोटो आहे हे फोन आधीच सांगतो.

आणखी दोन गोष्टी. खाली तुम्ही तीन ठिकाणी "येथे क्लिक करा" दिलंय. आम्ही पुष्कळदा पानावरच्या नुसत्या लिंका एकामागून एक ऐकतो. मला ऐकू येतं: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. कुठे नेणार, कळत नाही. "टॉवेलचे दर बघा" असे शब्दच लिंक करा. आणि माप आकड्यांमध्ये फुलीचं चिन्ह घालून लिहू नका, माझा फोन ते "साठ एक्स नव्वद" वाचतो. "रुंदी ६० इंच, लांबी ९० इंच" हे ऐकणाऱ्यालाही कळतं आणि बघणाऱ्यालाही. नाहीतरी त्या फुलीत रुंदी कोणती आणि लांबी कोणती, हे डोळसांनाही विचारावंच लागत असेल.

मागाचा_धोटा
४ जून, रात्री ९:५५

दादा, मला लाज वाटली वाचून. आठ दिवस बसून लिहिलं आणि तुमच्यापर्यंत एक आकडाही पोचला नाही. फोटोंचं काम उद्यापासून सुरू करते. पत्रक चित्र म्हणून टाकलं त्याचं कारण असं, की डीटीपीवाल्याकडून मूळ फाइल आणली होती, पण मजकूर चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि भलतीच चिन्हं उमटत होती. म्हणून कंटाळून फोटोच टाकला.

सात_रस्ता
५ जून, सकाळी ८:१५

ताई, ही अडचण सोलापुरातल्या प्रत्येक छापखान्याची आहे. जुन्या मराठी फाँटांमध्ये देवनागरीची नुसती चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फाँट असेपर्यंत "क" दिसतो, फाँट गेला की खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. शोधयंत्रालाही तेच इंग्रजी दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक यादीत, देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, तिथे "क" हा कुठेही "क"च राहतो.

मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण बदलल्यावर डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी आधी टाइप व्हायची आणि अक्षर नंतर, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचं बरोबर उलटं: जुन्यात तो अक्षरानंतर, नव्यात आधी. त्यामुळे बदलताना वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते, रफार एक घर सरकतो. "ऱ्या" आणि "ऱ्हा" तर हमखास मोडतात. "दुसऱ्या", "ऱ्हस्व" असे शब्द शोधून शोधून बघा.

आणि तुमच्या पानाच्या कोडमध्ये भाषा "हिंदी" अशी नोंदवलीय. वेबसाइट करणाऱ्यानं तयार साचा घेतला असणार. ती "मराठी" करून घ्या, दोन अक्षरांचा बदल आहे. "ल" आणि "श" यांची मराठी वळणं वेगळी असतात. बऱ्याच फाँटांत दोन्ही वळणं आहेत, पण पान मराठी आहे असं सांगितल्याशिवाय मराठी वळण दिसत नाही. कंबरतलाव दादांच्या फोनलाही त्यावरूनच कळतं की कुठल्या आवाजात वाचायचं.

कंबरतलाव
५ जून, सकाळी ८:४०

म्हणून मला सगळं हिंदी आवाजात ऐकू येत होतं! मला वाटलं माझ्याच फोनचं काही बिघडलंय.

वाचनवेडी
५ जून, दुपारी १:००

सगळं पटतंय, पण एका ठिकाणी मला अडवायचंय. "शब्द निम्मे करा" हे वाक्य मी गेली काही वर्षं सगळीकडे ऐकते आणि त्याचा अर्थ लोक "थोडक्यात उरका" असा घेतात. मी जुन्या गिरणीवर लिहिते. १८७७ साली ती सुरू झाली आणि ह्या गावाचं सगळं जगणं त्या भोंग्यावर लागलं. गिरणीत काम केलेल्या घरांतल्या आठवणी मी लिहिल्या, एकेक लेख तीन-साडेतीन हजार शब्दांचा. वाचकांनी फोनवरच वाचले आणि त्याहून लांब पत्रं मला लिहिली. त्यातला एकही परिच्छेद निम्मा केला असता तर मला पाप वाटलं असतं.

वाचक उत्तरासाठी आलाय की सोबतीसाठी आलाय, हे आधी ओळखावं लागतं. ताईंच्या पानावर येणारा माप विचारायला येतो, त्याला पहिल्या ओळीत माप द्या. माझ्याकडे येणाऱ्याला आजोबा कसे जगले ते ऐकायचं असतं, त्याला घाई नसते. पण लांब लिहिलं म्हणून माझं संपादन सुटत नाही, उलट वाढतं. मी प्रत्येक लेख मोठ्यानं वाचते. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य मोडते. जिथे माझंच लक्ष उडतं ते काढते, कितीही आवडतं असलं तरी. एका लेखातून अकराशे शब्द गेले, आणि गेलेले सगळे माझ्या भावनांबद्दल होते. गिरणीबद्दलचा एकही गेला नाही.

आणि एक राहिलं, तपासणं. आपल्या चार हुतात्म्यांवर लिहिताना मी सुरुवातीला "१९३० मध्ये फाशी" असं लिहिलं होतं, कारण आधीच्या दोन पानांवर तसं होतं. सोलापुरात मार्शल लॉ लागला तो १९३० च्या मे महिन्यात. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ रोजी. दरवर्षी १२ जानेवारीला आपण चार पुतळ्यांपाशी जातो आणि तरी मी साल चुकले! एकानं चुकीचं लिहिलं की दुसरा उचलतो, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याला ते पक्कं वाटतं. छापील अंकातली चूक त्या अंकाबरोबर रद्दीत जाते. वेबवरची चूक दहा जणांच्या पानांवर जगत राहते. मी दुरुस्ती केली आणि लेखाखाली तारखेसह लिहिलं की आधी इथे चुकीचं साल होतं. गुपचूप बदलणं मला बरं वाटलं नाही, आधी वाचून गेलेल्यांचं काय?

खिळेजुळणी
५ जून, दुपारी २:३०

वाचनवेडी, तुमचं अडवणं रास्त आहे. छापखान्यात जागा ठरलेली असायची, म्हणून काट मारावी लागे. वेबवर जागेचं बंधन नाही, म्हणून तिथे काटण्याची शिस्त आपली आपणच आणायची.

तपासण्यावरून ताईंना एक सांगतो. "जगप्रसिद्ध" काढून त्या जागी भौगोलिक मानांकनाचा (जीआय टॅगचा) उल्लेख करावा असं मनात येईल. सोलापुरी चादरीला ते मानांकन आहे, खरं आहे. पण ते नाव व्यापारात लावायला उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. तुमची नोंदणी असेल तरच लिहा. नसेल तर आधी नोंदणी करून घ्या, मग लिहा.

पूर्वभाग
५ जून, रात्री १०:३०

मी पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या घरात तेलुगू. शेजारी कन्नड. शाळा मराठी. वडील माग चालवायचे. मी आता दोन दुकानांचे मजकूर लिहितो.

मला लांब वाक्य जमत नाही. लांबलं की लिंग चुकतं. "तो चादर" होतं. म्हणून मी छोटं लिहितो. आधी वाटायचं की आपलं मराठी कमी आहे. पण एका दुकानदारानं सांगितलं, तुझं लिहिलेलं गिऱ्हाइकाला पटकन कळतं.

माझी पद्धत सांगतो. मी आधी वडिलांना तेलुगूत सांगतो की ही चादर कशी आहे. ते मध्येच प्रश्न विचारतात. त्यांचे प्रश्न संपले की मी तेच मराठीत लिहितो. कागदावरून कागदावर लिहिलं की पुस्तकी होतं. तोंडावरून लिहिलं की बरोबर येतं.

एक अजून. यंत्रानं केलेलं भाषांतर तसंच लावू नका. एका दुकानाच्या पानावर "आमच्यापर्यंत पोहोचा" होतं. माझ्या वडिलांनी विचारलं, कुठं पोचायचं? दुकानात यायचं का फोन करायचा? मी तिथे "फोन करा" लिहिलं आणि खाली नंबर दिला.

वाचनवेडी
५ जून, रात्री १०:५०

पूर्वभाग, तुम्ही लिहीत राहा. लिंग चुकलं तर ते सुधारून द्यायला आम्ही आहोत. तुमच्या मजकुरात जी सफाई आहे ती आणायला मला पंधरा वर्षं लागली.

मागाचा_धोटा
१३ जून, रात्री ९:३०

आठ दिवस वही ठेवली. एकूण त्रेचाळीस फोन. तीन प्रश्नांशिवाय चौथा निघाला, जो माझ्या ध्यानीमनी नव्हता: "मशीनला चालतीय का?" हे पत्रकातही नव्हतं. सासऱ्यांच्या काळात घरोघरी मशीन कुठे होतं?

नवा मजकूर मी पूर्वभाग यांच्या पद्धतीनं लिहिला. जाऊबाई समोर बसल्या, त्या विचारत गेल्या, मी सांगत गेले. बघा:

"सोलापुरी सुती चादर (जॅकार्ड विणीची)
तुम्ही हिला चद्दर म्हणत असाल, ती हीच.
रुंदी ६० इंच, लांबी ९० इंच. एका माणसाला पांघरायला पुरते. दोघांसाठी मोठं माप खाली आहे.
वजन सव्वा किलो.
पहिल्या धुण्यात थोडा रंग निघतो, म्हणून पहिल्यांदा वेगळी आणि गार पाण्यात धुवा. नंतर मशीनला चालते. ब्लीच वापरू नका.
चादर आम्ही अक्कलकोट रोडच्या आमच्या कारखान्यात विणतो. बघायला यायचं असेल तर या, आधी फोन करा.
दर आणि माहिती तपासली: १२ जून."

चार परिच्छेद गेले. सासऱ्यांच्या चार मागांची गोष्ट मात्र काढली नाही, "आमच्याबद्दल" म्हणून वेगळं पान केलं. तिथे ती लांबच आहे आणि वाचनवेडींनी सांगितलं तशी मोठ्यानं वाचून दुरुस्त केली आहे.

खिळेजुळणी
१३ जून, रात्री १०:०५

वाचलं. कर्ता सापडतो, क्रियापद सापडतं, "सुती" ऱ्हस्व आहे. मला फार समाधान वाटलं.

एकच शंका. "वजन सव्वा किलो" कशाचं? पुष्कळ दुकानांत चादरी जोडीनं विकतात.

मागाचा_धोटा
१३ जून, रात्री १०:१२

"एका चादरीचं वजन सव्वा किलो" असं केलं. आज दुपारीच एकानं हे विचारलं होतं काका, मी वहीत लिहिलं आणि पानावर आणायला विसरले.

कंबरतलाव
१४ जून, सकाळी ७:५०

आत्ता ऐकलं, मराठी आवाजात. दहा फोटो कळले. सहाव्या फोटोला "हिरव्या जमिनीवर पांढरी फुलं, टोकांना सुटे धागे" असं आहे. हे सुटे धागे म्हणजे काय? उसवलंय का मुद्दाम ठेवलंय?

पूर्वभाग
१४ जून, सकाळी ८:२०

मुद्दाम ठेवलेले असतात. वडील त्याला दशा म्हणतात. पण नव्या गिऱ्हाइकाला तो शब्द कळेल का?

मागाचा_धोटा
१४ जून, सकाळी ८:४५

"दोन्ही टोकांना मुद्दाम सोडलेल्या धाग्यांच्या दशा" असं लिहिते. म्हणजे शब्दही राहील आणि अर्थही कळेल. दादा, अकरावा फोटो आज दुपारपर्यंत पूर्ण करते. भावाच्या लग्नासाठी मोरांची हवी असेल तर सांगा, पिवळ्या रंगातल्या चारच शिल्लक आहेत.